पानगळ: एका शास्त्रीय शब्दाचा प्रवास

काही वर्षांपूर्वी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरच्या माणसांसाठी तयार केलेली एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणण्याचं काम माझ्याकडे आलं. मजकूर २४ पानांचा. जेवू कसं घालावं, दाराला कडी कुठे लावावी, रात्री उठून फिरणाऱ्या माणसाशी काय बोलावं, असं बहुतेक सगळं रोजच्या वापरातलं. अडचण आली ती मेंदूत नेमकं काय घडतं हे सांगणाऱ्या पानावर. तिथे ‘प्रोग्राम्ड सेल डेथ’ असे तीन शब्द होते. मी परिभाषेच्या वळणाने ‘नियोजित पेशीमृत्यू’ असं लिहिलं आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळले.

छपाईआधी मसुदा चार-पाच कुटुंबांना वाचायला दिला होता. त्यांतल्या एका बाईंच्या नवऱ्याला ५४व्या वर्षी हा आजार झाला होता. त्यांनी साऱ्या मसुद्यात एकाच ठिकाणी पेन्सिलीने रेघ ओढली होती, ती या शब्दाखाली. मला म्हणाल्या, ‘‘ताई, नियोजित म्हणजे कुणी नियोजलेला?’’ मी काहीतरी सांगू लागले, तेव्हा त्याच पुढे म्हणाल्या, ‘‘म्हणजे सटवाईनं कपाळावर लिहूनच ठेवलं होतं, असंच ना?’’

बाळ जन्मल्यावर पाचवी-सहावीच्या रात्री पाटावर कोरा कागद नि लेखणी ठेवणाऱ्या आपल्या घरांतून हा प्रश्न येणारच होता. इंग्रजीतल्या ‘प्रोग्राम’मध्ये यंत्राचा वास आहे. मराठीत शिरताना त्याचं विधिलिखित झालं. ही चूक बाईंची नव्हती, माझी होती. आणि ती दुरुस्त करायची तर त्या शब्दामागे शास्त्रज्ञांनी काय पाहिलं होतं, ते मलाच आधी पाहायला हवं होतं. शोधू लागले तेव्हा कळलं की पेशीच्या या मरणाला पावणेदोनशे वर्षांत अनेक नावं मिळाली आणि प्रत्येक नावाने पुढच्या माणसांना एक गोष्ट दाखवली, एक झाकली.

पहिली नोंद १८४२ची मानतात. सजीवांचं शरीर पेशींचं बनलेलं असतं हा सिद्धान्त तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता. कार्ल फोग्ट हा तरुण निसर्गशास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमध्ये एका जातीच्या भेकाच्या पिल्लांची वाढ तपासत होता. या जातीतला नर अंड्यांची माळ मागच्या पायांना गुंडाळून हिंडतो, म्हणून त्याला युरोपात ‘सुईण भेक’ म्हणतात. पिल्लाच्या पाठीत मणके तयार होण्याआधी एक लवचीक दांडा असतो. मणके येतात तसा तो दांडा नाहीसा होतो. फोग्टने पाहिलं की त्यातल्या पेशी मणक्यांच्या पेशी बनत नाहीत. त्या नष्ट होतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात. त्याने हे लिहून ठेवलं, पण त्याला नाव दिलं नाही. १८८५मध्ये वाल्टर फ्लेमिंगने अंडाशयातल्या मरणाऱ्या पेशींचं वर्णन केलं आणि ‘क्रोमॅटोलिसिस’ असं नाव ठेवलं. रंग धरणारं द्रव्य विरघळणं, एवढाच त्याचा अर्थ. पेशी दुभंगून तिच्या दोन कशा होतात हे जगाला तपशिलात दाखवणारा हाच फ्लेमिंग. त्याने पेशीविभाजनाला दिलेलं ‘मायटोसिस’ हे नाव शाळेच्या पुस्तकात जाऊन बसलं. मरणाला दिलेलं नाव मात्र त्या अर्थाने टिकलं नाही. वाढीचा अभ्यास करणाऱ्यांना मरण हा आपला विषय वाटत नव्हता.

तो विषय झाला तो चेतापेशींमुळे, म्हणजे ज्यांना आपण न्यूरॉन म्हणतो त्या पेशींमुळे. आणि त्यामागे युरोपातल्या एका वाईट काळाचा हात आहे.

१९३८मध्ये मुसोलिनीच्या सरकारने ज्यूंना विद्यापीठांतून बाहेर काढणारे कायदे केले. तूरिनमध्ये रीता लेव्ही-मोंताल्चिनी ही तिशीच्या उंबरठ्यावरची डॉक्टर त्या कायद्यांमुळे बेकार झाली. १९४० साली आगगाडीतून जाताना तिने व्हिक्टर हँबर्गरचा १९३४ सालचा लेख वाचला. हँबर्गर मूळचे जर्मनीतले. ते अमेरिकेत शिष्यवृत्तीवर गेले असताना हिटलर सत्तेवर आला, आणि ज्यू म्हणून त्यांची मायदेशातली नोकरी गेली. त्या लेखात एक प्रयोग होता. अंड्यातल्या कोंबडीच्या भ्रूणाचा पंख किंवा पाय उमलण्याआधीच काढून टाकला, तर त्या बाजूच्या चेतापेशींचे पुंजके खुरटलेले राहतात. हँबर्गर यांचा तर्क होता की अवयवाकडून बोलावणं न आल्यामुळे तिथे पुरेशा चेतापेशी तयारच होत नसाव्यात.

रीताने घरातल्या झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा मांडली. शिवणाच्या सुयांना धार लावून हत्यारं केली. बाँबफेकीमुळे कुटुंब खेड्यात गेलं, तेव्हा सायकलवरून टेकड्यांमधल्या घराघरांतून अंडी मागून आणली. तिच्याबरोबर कामाला होते ते तिचेच शिक्षक जुसेप्पे लेव्ही. त्यांनाही विद्यापीठाने काढून टाकलं होतं. (साहित्याच्या वाचकांना हे गृहस्थ दुसरीकडे भेटलेले असतील. कादंबरीकार नातालिया गिंझबुर्ग ही त्यांची मुलगी, आणि तिच्या १९६३ सालच्या ‘लेस्सिको फामिल्यारे’ या पुस्तकात घरभर गरजणारे वडील आहेत ते हेच. घरातल्या माणसांचे खास शब्द हाच त्या पुस्तकाचा विषय आहे.) दोघांनी रोज थोडी थोडी अंडी उघडून भ्रूणांचे काप पाहिले आणि वेगळंच निघालं. चेतापेशी तयार होत होत्या, वाढू लागत होत्या, आपला तंतू अवयवाच्या दिशेने पाठवत होत्या. आणि पलीकडे अवयव नाही म्हटल्यावर मरत होत्या. इटलीत ज्यूंचं काम छापायला बंदी असल्यामुळे हे लेखन बेल्जियममध्ये प्रसिद्ध झालं.

ते वाचून हँबर्गर यांनी युद्धानंतर रीताला सेंट लुईसला बोलावलं. आपलं मत खोडून काढणाऱ्या व्यक्तीला कामासाठी बोलावणं, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासातही रोज घडत नाही. दोघांच्या १९४९च्या लेखात आणखी एक गोष्ट पुढे आली: काहीही न कापलेल्या, निरोगी भ्रूणातसुद्धा चेतापेशी मोठ्या संख्येने मरतात. पुढे अनेकांच्या मोजणीतून दिसलं की चेतासंस्थेच्या बऱ्याच भागांत तयार झालेल्या पेशींपैकी जवळपास निम्म्या टिकत नाहीत. ज्यांचा तंतू पलीकडे पोचतो आणि तिथून ज्यांना पोषणाचा निरोप येतो, त्याच उरतात. तो निरोप म्हणजे एक प्रथिन, ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’. त्याच्या शोधासाठी रीता आणि तिचे सहकारी स्टॅनली कोहेन यांना १९८६चं नोबेल मिळालं. हँबर्गर यांचं नाव त्यात नव्हतं, याची खंत अनेकांनी तेव्हाच बोलून दाखवली. रीता पुढे १०३ वर्षं जगली.

ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे. चेतापेशीचं मरण पहिल्यांदा नीट पाहिलं गेलं तेव्हा त्याचं कारण पेशीच्या कपाळावर लिहिलेलं नव्हतं. ते नात्यात होतं. पलीकडून निरोप येणं थांबलं म्हणून पेशी मेली.

‘प्रोग्राम’ हा शब्द आला तो १९६४मध्ये. हार्वर्डमध्ये रिचर्ड लॉकशिन हा विद्यार्थी कॅरोल विल्यम्स यांच्याकडे रेशमाच्या पतंगांवर काम करत होता. कोशातून बाहेर पडताना पतंग पोटाचे काही स्नायू वापरतो. एकदा बाहेर आला की ते स्नायू काही काळातच विरून जातात, कारण त्यांचं काम संपलेलं असतं. हे ठरल्या वेळी, ठरल्या क्रमाने, संप्रेरकांच्या इशाऱ्यावर घडतं, म्हणून त्यांनी त्याला ‘प्रोग्राम्ड सेल डेथ’ म्हटलं. विद्यापीठांतून संगणक येऊ लागल्याचे ते दिवस. शब्द हवेतच होता. मराठीत त्याचा सरळ अनुवाद ‘कार्यक्रम’ होतो आणि तो करायची सोय नाही. आपल्याकडे हळदीकुंकवाचाही कार्यक्रम असतो आणि राजकारणातल्या विरोधकाचाही ‘करेक्ट कार्यक्रम’ होतो. हिंदीच्या परिभाषेने ‘क्रमादेश’ असा शब्द घडवला. तो अर्थाला जवळचा आहे, पण त्यातही आदेश देणारा कोण, हा प्रश्न उरतोच.

दुसरं नाव आलं ते १९७२मध्ये, आणि त्याच्या जन्माची हकिगत अनुवादकाला सुखावणारी आहे. जॉन केर हे ऑस्ट्रेलियातले विकृतिशास्त्रज्ञ. १९६०च्या दशकात लंडनमध्ये उंदरांच्या यकृतावर काम करताना त्यांना दोन तऱ्हेची मरणं दिसली. एकात रक्तपुरवठा तुटलेल्या पेशींचे पट्टेच्या पट्टे फुगून फुटत आणि भोवती दाह उठे. हे जुनं, माहीत असलेलं मरण. त्याला ‘नेक्रोसिस’ म्हणत, आणि त्या नावात प्रेतासाठीचा ग्रीक शब्द आहे. दुसऱ्यात इथे एक, तिथे एक अशी सुटी पेशी आक्रसत जाई, तिचे पडद्यात गुंडाळलेले लहान लहान तुकडे होत, आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकत. दाह नाही, पसारा नाही. केर यांनी याला आधी ‘आक्रसणारा नेक्रोसिस’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं. १९७१मध्ये ते स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला अ‍ॅलिस्टर करी यांच्याकडे गेले. तिथे करी यांचा विद्यार्थी अँड्र्यू वायली यालाही हेच मरण दिसत होतं. तिघांच्या लक्षात आलं की हे यकृतापुरतं नाही, सगळीकडे आहे. जन्माइतकंच नेहमीचं आहे. मग त्याला ‘प्रेतवत’ नाव कसं चालेल?

ते आपल्याच विद्यापीठातल्या ग्रीकच्या प्राध्यापकांकडे गेले. जेम्स कॉर्मॅक यांनी सुचवलेला शब्द होता ‘अपोप्टोसिस’: झाडावरून पानं किंवा फुलावरून पाकळ्या गळून पडणं. लेखकांनी लेखाच्या तळटीपेत कॉर्मॅक यांचे आभार मानले, आणि शब्दाची व्युत्पत्ती दिसावी म्हणून उच्चार कसा करावा, तेही सांगितलं: शेवटचा भाग ‘टोसिस’ असा, ‘प’ अनुच्चारित. वैद्यकाला हा शब्द अगदीच परका नव्हता. हिप्पोक्रेटिसच्या लिखाणात तो हाडाचा तुकडा सुटून येण्यासाठी आहे, गेलनकडे जखमेची खपली पडण्यासाठी.

हा शब्द आपल्यालाही परका नाही. ग्रीक ‘अपो’ आणि संस्कृत ‘अप’ ही भावंडं आहेत. ‘प्टोसिस’ ज्या धातूपासून आला, त्याचा संस्कृतातला भाऊ ‘पत्’: पडणं आणि उडणंही. त्यावरून आपलं ‘पतन’ आलं, आणि पंख व पान या दोन्ही अर्थांचं ‘पत्र’ही आलं. म्हणजे अपोप्टोसिस हा मुळाबरहुकूम ‘अपपतन’ आहे, आणि ज्या पानाची उपमा त्याच्या पोटात आहे ते पानही आपल्याकडे त्याच धातूवर उगवलेलं आहे. ग्रीक वैयाकरण ‘प्टोसिस’ हाच शब्द विभक्तीसाठी वापरत. नाम आपल्या मूळ रूपापासून ढळतं म्हणून. अनुवादाची तर अडचणच नव्हती. मराठीत पानगळ, हिंदीत पतझड़, गुजरातीत पानखर, बंगालीत पाताझरा. एखादा शास्त्रीय शब्द इतक्या सहज घरी येतो तेव्हा आनंदच व्हायला हवा. मलाही झाला. ‘नियोजित’ खोडून ‘पानगळीसारखा पेशीमृत्यू’ असं लिहिलंसुद्धा.

मग पुन्हा थांबले. कारण मराठीत पिकलं पान म्हणजे म्हातारा माणूस. पिकलं पान गळायचंच, असं आपण मयतीला जाऊन आल्यावर म्हणतो, आणि त्यात कुणाची चूक नसते. स्मृतिभ्रंशाबद्दल आपल्याकडे नेमकं हेच होत आलं आहे. साठी बुद्धी नाठी, म्हातारचळ लागला, वय झालं. हे शब्द तोंडाशी तयार असल्यामुळे कितीतरी घरांत आजार हा आजार म्हणून ओळखलाच जात नाही. एक सुंदर उपमा त्या समजुतीला शास्त्राचा शिक्का देऊन गेली असती.

आणि ही समजूत फक्त आपली नाही. नोव्हेंबर १९०१मध्ये फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्ट डेटर नावाची बाई दाखल झाली, तेव्हा ती ५१ वर्षांची होती. तिला तपासणाऱ्या आलोइस अल्झायमर यांनी तिच्या मृत्यूनंतर, १९०६मध्ये, तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. चेतापेशी मोठ्या प्रमाणात नाहीशा झालेल्या, उरलेल्यांत तंतूंच्या गुंतवळी, आणि पेशींच्या मध्ये साचलेल्या द्रव्याचे डाग. १९१०मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात याला अल्झायमरचं नाव दिलं. पण पुढची अनेक दशकं तो ‘अकाली’ येणारा दुर्मिळ आजार मानला गेला. पासष्टीनंतर तेच घडलं तर ते वार्धक्य. १९७६मध्ये न्यूयॉर्कचे रॉबर्ट कात्झमन यांनी एका छोट्या संपादकीयात म्हटलं की ही दोन नाहीत, एकच आहे. त्यानंतरच म्हाताऱ्या माणसांचा स्मृतिभ्रंश हा निसर्गक्रम न राहता संशोधनाचा मोठा विषय झाला. मध्ये ६० वर्षांहून जास्त काळ गेला, आणि आड आलेली गोष्ट होती पिकल्या पानाची.

इकडे मरणाची यंत्रणा एका किड्यात सापडत होती. सिडनी ब्रेनर यांनी केंब्रिजमध्ये मातीत राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक गोलकृमी अभ्यासाला निवडला. त्यांचे सहकारी जॉन सल्स्टन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तासन्‌तास बसत आणि प्रत्येक पेशी कुठून आली, कुठे गेली याची वंशावळ लिहीत. या कृमीच्या उभयलिंगी रूपात वाढीदरम्यान १,०९० देहपेशी तयार होतात आणि ९५९ उरतात. १३१ मरतात, प्रत्येक कृमीत त्याच १३१. गेलेल्यांपैकी बहुतेक चेतापेशी असतात. रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी त्या मरणाला जबाबदार असलेली जनुकं शोधली. त्यांतलं एक बिघडवलं तर त्या १३१ पेशी जगतात आणि कृमी जवळजवळ नेहमीसारखाच राहतो. म्हणजे मरणासाठीही पेशीला काम करावं लागतं, त्याची हत्यारं तिच्यातच असतात, आणि ती काढून घेता येतात. १९९३मध्ये दिसलं की अशीच प्रथिनं माणसातही आहेत. पुढे त्यांना ‘कॅस्पेज’ नाव मिळालं. या कामाला २००२चं नोबेल मिळालं.

हॉर्विट्झ यांच्यासाठी ही गोष्ट किड्यापुरती राहिली नव्हती. त्यांच्या वडिलांना एएलएस झाला होता. यात स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. माणूस शुद्धीत असतो आणि हात, पाय, गिळणं, श्वास एकेक करून सोडून जातात. मुलगा पेशी का मरतात याचाच अभ्यास करत होता. एएलएस घराण्यातून चालत येतो अशा काही कुटुंबांत दोष असलेलं ‘एसओडी१’ हे जनुक १९९३मध्ये ज्या गटाने शोधलं, त्यात हॉर्विट्झ यांचंही नाव आहे.

मग एक साधी, मोठी आशा निर्माण झाली. अल्झायमरमध्ये स्मृतीशी संबंधित भागातल्या पेशी जातात, पार्किन्सनमध्ये हालचालींना वळण देणाऱ्या एका काळसर पट्ट्यातल्या, हंटिंग्टनमध्ये मेंदूच्या खोल गाभ्यातल्या, एएलएसमध्ये मज्जारज्जूतल्या. ठिकाणं वेगळी, मरण एक. मरणाची हत्यारं आता माहीत आहेत. ती म्यान केली की आजार थांबेल. मरणोत्तर तपासलेल्या मेंदूंत पानगळीच्या स्पष्ट खुणा क्वचितच सापडत, पण त्याचंही उत्तर होतं: आजार दहा वर्षं चालतो आणि एकेक पेशी काही तासांत किंवा दिवसांत संपते, तर कोणत्याही एका क्षणी मरताना अशा किती सापडणार?

मिनोसायक्लिन हे जुनं, स्वस्त जंतुनाशक औषध उंदरांमध्ये कॅस्पेजना आवर घालतं असं दिसलं. हंटिंग्टनचा आणि एएलएसचा दोष घातलेले उंदीर त्यामुळे जास्त जगले. अमेरिकेत ४१२ एएलएस रुग्णांवर चाचणी झाली. २००७मध्ये निकाल आला: औषध घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेगाने ढासळली. त्याच वर्षी पार्किन्सनच्या ८०६ रुग्णांवरच्या चाचणीचाही निकाल आला. पेशीला मरणाकडे नेणारा एक निरोप मध्येच अडवणारं ते औषध होतं. त्याचाही उपयोग झाला नव्हता. ४१२ आणि ८०६ हे आकडे लिहिताना माझा हात जड होतो. प्रत्येक आकड्यामागे गोळीची वेळ सांभाळणारं कुणीतरी घरी होतं.

चुकलं कुठे, याचं एक उत्तर २००६च्या उंदरांवरच्याच एका प्रयोगाने देऊन ठेवलं होतं. एएलएसचा दोष असलेल्या उंदरांतून मरणाच्या यंत्रणेतलं एक कळीचं प्रथिन, ‘बॅक्स’, पूर्णपणे काढून टाकलं. मज्जारज्जूतल्या चेतापेशी वाचल्या. मोजल्या तेव्हा जागच्या जागी होत्या. तरीही उंदीर लुळे पडले आणि मेले. पेशीचं शरीर शाबूत होतं, पण त्यातून निघून स्नायूपर्यंत जाणारा लांब तंतू स्नायूपासून सुटला होता. घरात दिवा होता, तार तुटलेली होती.

तंतू तुटला की पलीकडचा भाग कसा कोसळतो, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५०मध्येच लिहून ठेवलं होतं. सगळ्यांनी ते आपोआप सडणं मानलं. १९८९मध्ये एका उत्परिवर्तित उंदरात तुटलेला तंतू दिवसांऐवजी आठवडे टिकला, तेव्हा कळलं की तंतूचाही नाश घडवला जातो. त्याची हत्यारं निराळी आहेत. २०१२मध्ये त्यांतलं एक, ‘सार्म१’, सापडलं. दरम्यान मरणाच्या प्रकारांचीही गर्दी झाली होती: नेक्रोप्टोसिस, पायरोप्टोसिस, फेरोप्टोसिस. कॉर्मॅक यांनी सुचवलेल्या शब्दाचं शेपूट आता वेगवेगळ्या मरणांना लावलं जातं; ज्यांत पेशी अजिबात शांतपणे गळत नाही, फुगते आणि फुटते, त्यांनाही.

मला यातून पानगळीच्या उपमेचीच एक दुर्लक्षित बाजू दिसली. पान स्वतः गळत नाही. दिवस लहान होतात, झाडाला कळतं. झाड पानातलं सत्त्व परत घेतं आणि देठाच्या बुडाशी वेगळं होण्याचा थर तयार करतं. पान शेवटी सुटतं. आपण पान पाहिलं, कारण ते पडताना दिसतं. औषध शोधणाऱ्यांनीही पान देठाला चिकटवून ठेवण्याचा प्रयत्न केला. पण ऋतू नसताना झाड पानं गाळू लागलं तर माळी आधी मुळाशी पाहतो, पाण्याकडे पाहतो, किडीकडे पाहतो.

हीच गोष्ट मार्टिन रॅफ या जीवशास्त्रज्ञाने १९९२मध्ये वेगळ्या शब्दांत मांडली होती. त्यांच्या मते शरीरातल्या बहुतेक पेशी मरायला कायम तयार असतात. इतर पेशींकडून ‘जग’ असे निरोप येत राहतात म्हणूनच त्या जगतात. पेशीचं जगणं सामाजिक असतं. रीताने झोपायच्या खोलीत पाहिलं होतं ते हेच. १९८८मध्ये, तिने ज्या सेंट लुईसच्या विद्यापीठात काम केलं होतं तिथेच, त्याचा दुवाही मिळाला होता: पोषणाचा निरोप तोडलेल्या चेतापेशींना नवी प्रथिनं बनवू दिली नाहीत, तर त्या मरत नाहीत. मरणाची तयारी पेशीच करते, पण ती सुरू होते निरोप थांबल्यावर.

आता प्रयत्न मुळाकडे वळले आहेत. एसओडी१च्या दोषामुळे होणाऱ्या एएलएसवर, म्हणजे एकूण रुग्णांपैकी सुमारे दोन टक्क्यांवर, टोफर्सन नावाच्या औषधाला अमेरिकेत एप्रिल २०२३मध्ये मंजुरी मिळाली. ते पेशीचं मरण अडवत नाही. सदोष प्रथिन बनवण्याचा निरोपच पुसून टाकतं. त्याला चमत्कार म्हणता येणार नाही. मुख्य चाचणीच्या २८ आठवड्यांत रुग्णांच्या प्रकृतीतला फरक आकड्यांनी सिद्ध झाला नव्हता. चेतातंतूंच्या नाशाची रक्तातली एक खूण कमी झाली, त्या आधारावर ही सशर्त मंजुरी आहे. पण १९९३मध्ये एका मुलाने आपल्या वडिलांच्या आजारामागे जाताना ज्या शोधाला हातभार लावला, त्याचं तीस वर्षांनी औषध झालं, एवढं खरं आहे.

पुस्तिकेतलं ते वाक्य शेवटी मी चार वेळा बदललं. ‘नियोजित’ गेलं, ‘पानगळ’ही गेली. छापलं ते असं: ‘आपल्या प्रत्येक पेशीत गरज पडली तर मरण्याची सोय असते. शरीर घडताना आणि रोजच्या झीजभरीत ती उपयोगी पडते. या आजारात मेंदूतल्या पेशींचे एकमेकींशी संबंध बिघडतात आणि ती सोय अवकाळी वापरली जाते. हे वयामुळे आपोआप होत नाही, आणि रुग्णाने किंवा घरच्यांनी काही केल्यामुळे किंवा न केल्यामुळेही होत नाही.’ इंग्रजीतल्या एका वाक्याची मराठीत चार झाली. ज्यांनी काम दिलं होतं, त्यांनी शब्दमर्यादेची आठवण करून दिली, पण राहू दिलं.

रेघ ओढणाऱ्या बाईंना नवा मसुदा पाठवला. त्यांनी ‘अवकाळी’ या शब्दावर बोट ठेवलं असावं, कारण फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘अवकाळी पाऊस येतो तेव्हा आपण म्हणत नाही ना, लिहिलंच होतं म्हणून. काय वाचवता येईल ते बघतो.’’ मग म्हणाल्या की यांच्या जेवणाची वेळ झाली, ठेवते.